सहभागी क्रमांक चारची आई

भाषा बदलली की माणूस बदलतो. हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून आणि इतक्या गंभीर चेहऱ्यांनी उच्चारलेलं ऐकलं आहे की त्यावर शंका घेताना संकोच वाटतो. माझ्यापुरतं सांगायचं तर माझी भाषा बऱ्याच वेळा बदलली. लहानपणी पोलिओ झाला तेव्हा मी पांगळा होतो. शाळेत गेल्यावर लंगडा झालो. नोकरीच्या अर्जात अपंग होतो, रेल्वेच्या पाटीवर विकलांग, आणि आता दिव्यांग आहे. या सगळ्या प्रवासात डावा पाय माझ्याबरोबर होता. त्याच्यात काही फरक पडलेला नाही.

आई मला लंगड्या म्हणते. जेवायला बोलवायचं असलं तरी लंगड्या, आणि चिडली तरी लंगड्या. दुसऱ्या कोणी म्हटलेलं मात्र तिला खपत नाही. यात तिला विसंगती दिसत नाही आणि मलाही दिसत नाही. ज्या बाईने मला चांगला जाणता होईपर्यंत कडेवर बसवून शाळेत पोचवलं, तिने मला काय म्हणावं हे ठरवायला समिती नेमायची गरज नाही.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथालय सहायक आहे. अंबरनाथ पूर्वेहून मागे दोन जास्तीची चाकं लावलेल्या स्कूटरवरून येतो-जातो. कामाचा मोठा भाग संशोधनपत्रिकांचा: आलेल्या अंकावर शिक्का मारायचा, नोंद करायची, कपाटात लावायचा. आमच्या परिसरात संशोधनपत्रिका बऱ्याच निघतात आणि त्यातल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय असतात. आंतरराष्ट्रीय म्हणजे संपादक मंडळात नेपाळमधला एक माणूस असतो. तो आपण त्या मंडळात आहोत हे जाणतो की नाही, ते मला माहीत नाही.

यामागची यंत्रणा साधी आहे. प्राध्यापकांना बढतीसाठी गुण लागतात, गुणांसाठी लेख लागतात आणि लेखांसाठी पत्रिका लागतात. वाचक या साखळीत कुठे लागत नाही, त्यामुळे तो नाही. मी वाचतो, पण ती माझी खोड आहे. शिक्का मारण्यासाठी अंक उघडावा लागतो आणि उघडलं की डोळा जातो.

समाजशास्त्राच्या एका मॅडम होत्या. तरुण, कष्टाळू, आणि नेलेली पुस्तकं वेळेवर परत आणणाऱ्या. ग्रंथालयात काम करणाऱ्याचं एखाद्याबद्दल याहून चांगलं मत होऊ शकत नाही. त्या एक दिवस काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, मी दिव्यांगांच्या जीवनकथनांवर काम करतेय. तुमची मुलाखत हवी आहे."

मी म्हटलं, रविवारी घरी या.

त्या आल्या. आईने भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती आणि मॅडमनी ती मागून घेऊन खाल्ली, त्यामुळे आईच्या लेखी त्या पास झाल्या. मग फोन मध्ये ठेवून त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्याच उत्तरात मी म्हणालो, "मी लंगडा असल्यामुळे मैदानापेक्षा पुस्तकांत जास्त रमलो."

"दादा, लंगडा नका म्हणू," मॅडम म्हणाल्या. "स्वतःला कमी नका लेखू."

आई उरलेल्या भाकरी थापता थापता म्हणाली, "मग काय म्हनायचं? चालतो तर लंगडतच."

"दिव्यांग म्हणायचं, आजी."

"म्हंजे?"

"म्हणजे ज्याच्या अंगात काही दिव्य आहे असा."

आईने मान वळवून माझ्या पायाकडे बराच वेळ पाहिलं. आपल्या नजरेतून इतकी वर्षं काही सुटलं की काय, असं. मग म्हणाली, "दिव्य कशाचं, पावसाळ्यात ठणकतोय नुसता."

मॅडम हसल्या, पण थोड्या अडखळून. मग त्यांनी आईलाच बोलतं केलं. आईला बोलतं करायला फार कष्ट पडत नाहीत. तिने बुवापाड्यातली गोष्ट सांगितली, जी मी पाठ म्हणू शकतो.

मी लहान असताना आम्ही अंबरनाथच्याच बुवापाड्यात राहायचो. सगळ्या आळीला मिळून एक नळ. आई मला कडेवर घेऊन पाण्याला जायची, कारण घरी ठेवायला कोणी नव्हतं. एक दिवस नळावर एक शेजारीण सगळ्यांदेखत बोलली, "हे लंगडं पोर म्हंजे तुझ्या मागल्या जन्माचं पाप हाय बघ." आईने मला कडेवरून खाली उतरवलं, त्या बाईचा भरलेला हंडा लाथेने पाडला आणि म्हणाली, "मागल्या जन्माचं मला म्हाईत नाय. हे ह्या जन्मातलं घे."

त्यानंतर नळावरच्या बायकांनी एकी केली. आईला रांगेत कोणी उभं करेना. मग ती बरीच वर्षं, आमच्या घरात पाण्याची लाइन येईपर्यंत, पार पलीकडच्या चाळीतून पाणी आणायची. डोक्यावर हंडा आणि कडेवर मी. त्या एका लाथेची किंमत तिने मानेने मोजली. पण गोष्ट सांगताना तिला त्याचं काही नसतं. ती लाथेपाशी आली की तिचा चेहरा अजून उजळतो.

मॅडमनी ओढणीने डोळे टिपले. "आजी, तुम्ही ग्रेट आहात," त्या म्हणाल्या. आईने त्यांना अजून एक भाकरी वाढली.

पुढे काही महिन्यांनी तो लेख बदलापूरच्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिकेच्या विशेषांकात छापून आला आणि अंकाचं प्रकाशन आमच्याच कॉलेजात झालं. दीपप्रज्वलन होतं. वर पंखा चालू होता, त्यामुळे चार मान्यवरांना मिळून एक वात पेटेना. पंखा बंद करावा असं कोणाला सुचलं नाही. शेवटी एका मान्यवरांनी दोन्ही हातांचा आडोसा केला आणि तो क्षण फोटोत आला. भाषणात माझा उल्लेख "आपल्यातलंच एक प्रेरणास्थान" असा झाला आणि मला उभं राहायला सांगितलं. मी पायाला आधार देणारा कॅलिपर लॉक करून उभा राहीपर्यंत टाळ्या संपल्या होत्या.

लेखाचं नाव होतं "देह, दुःख आणि दिव्यत्व: परिघावरील जीवनकथनांचा चिकित्सक अभ्यास". मॅडमनी एक प्रत आणि पेढ्यांचा बॉक्स दिला, "आजींना द्या" म्हणून.

आईला अक्षरं लावता येतात, पण तिच्या मते छापलेलं ऐकायचं असतं. रात्रीची भांडी झाल्यावर ती खुर्ची ओढून बसली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "वाच गं. बघू काय लिवलंय." माझी बायको बातम्या द्यायच्या आवाजात वाचते. मी आत दूध गार करायला ठेवत होतो.

"सहभागी क्रमांक चार," बायको वाचत होती. "पुरुष, शेतकरी कुटुंब, बदलापूरजवळील गाव."

"हा कोण?" आईने विचारलं.

"माहीत नाही, आई. चार नंबर आहे कोणी." बायको पुढे वाचू लागली. "याची आई त्याला कडेवर घेऊन आणि डोक्यावर हंडा ठेवून गावच्या विहिरीवरून पाणी आणत असे."

"आपल्यासारकंच की," आई म्हणाली. "बिचारी."

"मात्र या मातेच्या मनातील अपराधभाव लपत नाही. ती म्हणते," आणि इथे बायकोचा वेग इतका होता की तिला थांबता आलं नाही, "हे लंगडं पोर म्हणजे माझ्या मागल्या जन्माचं पाप आहे."

मी दुधाचं पातेलं हातात घेऊन बाहेर आलो.

"कोन बोलली?" आईने विचारलं.

"आई बोलली, असं लिहिलंय," बायको म्हणाली.

"कुनाची आई?"

"चार नंबरची."

"चार नंबरची आई म्हंजे मीच की," आई म्हणाली. "विहीर असू दे. हंडा माझाच हाय." मग पुस्तकाकडे बोट करून, "आनि लाथ? लाथ कुठंय?"

बायकोने पान उलटलं. लाथ नव्हती. पुढे कर्मसिद्धांताच्या पगड्यावर दीड पान मजकूर होता.

आमच्या घरात हे वाक्य का लागलं ते सांगायला हवं. आईच्या वडिलांनी धर्मांतर केलं तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. मागचा जन्म, त्यातलं पाप, त्याचं फळ हा सगळा माल त्या टोपलीतून गेला तो गेला. आमच्या लोकांना तो माल कोणी कोणी किती पिढ्या विकला, हे आईला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. एका बाईने तो परत विकायचा प्रयत्न केला म्हणून तिने हंडा पाडला होता. आणि आता छापील पुस्तकात तोच माल तिच्या तोंडी घातला होता.

"हे काढायला लाव," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मी हाय तवर काढायला लाव. मी गेल्यावर कोन सांगनार, ही नाय बोलली म्हनून? तू तर तेव्हा कडेवर होतास. तुला कोन विचारतोय."

पेढे तिने शेजारी वाटले. पुस्तक मात्र घरात ठेवू दिलं नाही. ते दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर गेलं.

दुसऱ्या दिवशी मी लेख शांतपणे पूर्ण वाचला. मॅडमनी बारा जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या असं पद्धतीच्या भागात म्हटलं होतं. त्यातला चौथा, तो शेतकरी, मी होतो, हे कळलंच होतं. सातवा, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या कापडाच्या दुकानात हिशेब लिहिणारा सिंधी तरुण, तोही मीच होतो. "मैदानापेक्षा पुस्तकांत जास्त रमलो" असं तो म्हणत होता. नववी अंबरनाथची गृहिणी होती. तिचा पायही पावसाळ्यात ठणकत होता. अकराव्याकडे मागे दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर होती. निष्कर्षात म्हटलं होतं की भिन्न जाती, धर्म आणि लिंगांच्या या सहभागींच्या अनुभवांत विलक्षण साम्य आढळतं आणि त्यातून विषयाचं सार्वत्रिकत्व सिद्ध होतं.

मला प्रामाणिकपणे वाटलं की हे साम्य याहून जास्त निघायला हवं होतं.

मॅडम काउंटरवर आल्या तेव्हा मी विषय काढला. "मॅडम, ते पापाचं वाक्य आईचं नाही. नळावरच्या बाईचं आहे. आईने तर तिचा हंडा पाडला. तुमच्यासमोर सांगितलं तिने."

"दादा, तो सहभागी क्रमांक चार आहे."

"तो मी आहे."

"असं मी म्हणू शकत नाही. सहभागींची ओळख गोपनीय ठेवायची असते. संशोधनाची नीतिमत्ता आहे ती."

"तुम्ही नका म्हणू. मी म्हणतो."

"तुम्ही शेतकरी आहात का?"

"नाही."

"मग?" मॅडम म्हणाल्या.

आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्यासाठी शेतजमीन लागेल असा प्रसंग पूर्वी आला नव्हता.

"सातसुद्धा मीच आहे," मी म्हटलं. "आणि अकरा. नऊ तर बाई आहे."

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दादा, खरं सांगते, मुलाखती सगळ्या ठरल्या होत्या. लोक हो म्हणतात आणि येत नाहीत. अंकाची तारीख डोक्यावर. आणि तुमचं कथन इतकं समृद्ध होतं..."

"की चौघांना पुरलं."

वाईट बाई नव्हती ती. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, फक्त ते कशाबद्दल वाटावं याबाबत आमचं एकमत नव्हतं.

"राहू दे चौघं," मी म्हटलं. "मला चार आयुष्यं मिळाली, माझी तक्रार नाही. आईचं तेवढं वाक्य काढा, नाहीतर पुढे लाथ तरी छापा."

"लाथ हिंसक वाटते, दादा," त्या कळवळून म्हणाल्या. "दिव्यांगांच्या मातांचं चित्रण आधीच किती नकारात्मक होतं. मी त्यांना दोष दिलेलाच नाही. त्या व्यवस्थेच्या बळी आहेत असं दाखवलंय."

"ती बळी नव्हती. बळी तो हंडा होता."

"तुम्ही संपादकांशी बोला," मॅडम म्हणाल्या. "आता ते माझ्या हातात नाही." रेकॉर्डिंगचं विचारलं तर म्हणाल्या की मधे फोन बदलला.

संपादक बदलापूरला राहत होते. रविवारी गेलो. इमारतीला लिफ्ट होती आणि ती चालूही होती, त्यामुळे तिथपर्यंत तरी तक्रारीला जागा मिळाली नाही. दारावर पाटी: नावाआधी दोन पदव्या, नावाखाली "अकरावी-बारावी कॉमर्स क्लासेस". दार संपादकांनीच उघडलं. ते बर्म्युडा आणि बनियनवर होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून आलोय म्हटल्यावर आत जाऊन शर्ट घालून आले. बर्म्युडा तीच राहिली. दिवाणाखालून जुन्या अंकांचे गठ्ठे डोकावत होते, वर चादर टाकलेली.

"लेख दोन समीक्षकांनी तपासलाय," ते म्हणाले. "लेखिकेचं नाव त्यांना आणि त्यांचं लेखिकेला न कळवता. पूर्वी आम्ही याला डबल ब्लाइंड म्हणायचो. आता म्हणत नाही. अंध व्यक्तींचा त्यात अपमान होतो. आता आम्ही डबल अनामिक म्हणतो."

"चांगलं केलंत," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. तो विचार मला खरंच बरा वाटला.

तेवढ्यात त्यांच्या मिसेस चहा घेऊन आल्या. माझ्या पायाकडे पाहिलं, टेबलावर उघडलेल्या पानाकडे पाहिलं. "हा तो विहिरीवाला लेख ना? अहो, मी वाचताना रडले होते."

"ती सहज वाचते कधी कधी," संपादक म्हणाले.

"सहज कसलं? दुपारी जरा आडवी झाले की दोन-दोन आणून देता. बरा आहे का सांग, म्हणता." त्यांनी कप ठेवले. "हा बरा होता हो. मागच्या वेळचा जीएसटीवरचा काहीच कळला नव्हता."

त्या आत गेल्या. एका समीक्षकाची अनामिकता अशी संपली. दुसरा समीक्षक कोण असावा याचा मला अंदाज आला, पण तो शर्ट घालून समोरच बसला होता, म्हणून विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. नळ सांगितला, शेजारीण सांगितली, लाथ सांगितली. आई म्हातारी आहे हेही सांगितलं. हे वाक्य आपल्या नावावर ठेवून जायचं नाही एवढंच तिचं म्हणणं आहे, असं सांगितलं. संपादक प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मग त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरे अरे," ते म्हणाले. "हे छापलं गेलं?"

"छापलं गेलं."

"हे फारच चुकीचं आहे. हे आमच्या धोरणातच बसत नाही." त्यांनी मुखपृष्ठाची आतली बाजू दाखवली, तिथे संवेदनशील भाषेचं धोरण चौकटीत छापलं होतं. "तुम्ही नजरेला आणून दिलंत, बरं झालं. मॅडमशी आजच बोलतो. शुद्धिपत्र काढू. पुढच्या अंकाबरोबर सगळ्या ग्रंथालयांना जाईल. आईंना सांगा, दुरुस्ती होणार म्हणजे होणार."

मी चहा पूर्ण प्यालो. चांगला होता.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पौर्णिमेला विहारात जाऊन आली तेव्हा तिच्या दोन मैत्रिणींना सगळी हकिकत ठाऊक होती. एकीने मला जिन्यात गाठून विचारलं, "माफी मागनार म्हने प्रोफेसर लोकं तुझ्या आयची?" मी म्हटलं, दुरुस्ती करणार आहेत. "त्येच ते," ती म्हणाली. त्या काळात मी कामावरून आलो की आईचा पहिला प्रश्न एकच असे, "आलं का?" पुस्तक अजून चपलांच्या स्टँडवर होतं. येता-जाता त्याच्यावर मोजे पडायचे.

आलं. नव्या अंकाच्या गठ्ठ्याबरोबर पिवळ्या कागदाच्या पट्ट्या होत्या, प्रत्येक ग्रंथालयाने मागच्या अंकात चिकटवायच्या. त्यातली एक मी उभ्याउभ्याच वाचली. पट्टीवर पान आणि ओळ देऊन म्हटलं होतं की "लंगडं पोर" याऐवजी "दिव्यांग बालक" असं वाचावं. अनवधानाने राहून गेलेल्या असंवेदनशील शब्दांबद्दल लेखिका आणि संपादक मंडळ दिलगीर होतं. शेवटी लिहिलं होतं, उर्वरित मजकूर अचूक आहे.

मी ते वाक्य नव्याने वाचून पाहिलं. हे दिव्यांग बालक म्हणजे माझ्या मागल्या जन्माचं पाप आहे.

संपादकांना फोन लावला. "काय साहेब, झालं ना समाधान?" ते उत्साहात म्हणाले.

"सर, पाप तसंच आहे."

"पाप?"

"वाक्यात. आईच्या तोंडी. मी तुम्हाला सांगितलं होतं, ते तिचं नाही."

"पाप शब्द आक्षेपार्ह नाही ना पण," ते म्हणाले. "आम्ही यादी तपासली."

मी त्यांना नळ पुन्हा सांगायला घेतला. त्यांच्याकडे अकरावीची बॅच आली होती.

संध्याकाळी आईला काय सांगायचं याचा मी स्कूटरवर पूर्ण रस्ताभर विचार केला. आलं नाही, असं सांगता आलं असतं. पण तिने दारातच माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मी पट्टी दिली. बायकोने वाचून दाखवली, या वेळी बातम्यांचा आवाज न लावता.

"बालक कुनाला म्हनलंय?" आईने विचारलं.

"मला."

"केस पिकले की तुझे." मग तिने पट्टी स्वतःच्या हातात घेतली. "आनि पाप?"

"आहे."

"माझंच?"

"तुझंच."

बायको संपादकांबद्दल काहीतरी बोलली, जे मी इथे लिहीत नाही. त्यातला एकही शब्द त्यांच्या यादीतून सुटला नसता. आईचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती पट्टी उलटीसुलटी करून पाहत होती, भाजीवाल्याने दिलेली नोट पाहावी तशी.

"हे कागूद तूच चिकटवतोस ना पुस्तकात?" तिने विचारलं.

"हो. कामच आहे माझं."

"मग माझा पन एक चिकटव."

मी सांगायला गेलो की असं करता येत नाही, शुद्धिपत्र संपादक काढतात, त्याला एक पद्धत असते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी ती पद्धत आत्ताच दोन्ही डोळ्यांनी पाहून आलो आहे. मी कागद घेतला.

आईने सांगितलं, मी लिहिलं. मी "लाथेने" च्या जागी "पायाने" घालून पाहिलं, तर म्हणाली, "पायानं तर मान्सं रांगोळीबी पुसतात. लाथ लिव." शेवटी झालं ते इतकंच: हे वाक्य नळावरच्या बाईचं आहे. मी असं बोलले नाही. मी तिचा भरलेला हंडा लाथेने पाडला आणि मग लांबून पाणी आणलं. विहीर नव्हती, नळ होता. पोरगा लंगडा आहे. पाप कोणाचंच नाही.

"खाली नाव टाकू?" मी विचारलं.

"टाक की. घाबरते काय मी?"

मग मला मॅडमची गोपनीयता आठवली. त्या नियमाने मला इतका त्रास दिला होता की तो एकदा तरी पाळावा असं वाटलं. खाली लिहिलं: सहभागी क्रमांक चारची आई.

त्याच मापाच्या पिवळ्या कागदावर, त्याच टाइपात दोन प्रती छापून घेतल्या. त्यासाठी मला कॅम्प पाचमधल्या एका प्रिंटिंगवाल्याकडे जावं लागलं, कारण तसा पिवळा कागद त्याच्याकडे मिळतो. त्याने वाचून विचारलं, "साईं, ये किसका है?" मी म्हटलं, संशोधन आहे. "पहली बार कुछ समझ में आया," तो म्हणाला आणि कडा सरळ कापून दिल्या.

दोन्ही पट्ट्या मी कॉलेजच्या प्रतीत एकाखाली एक चिकटवल्या. संपादकांची आधी, मग आईची. कडांना डिंक, मध्ये नाही, म्हणजे पान आक्रसत नाही. वर दोन जाडे शब्दकोश ठेवले. ज्या कपाटात कोणी हात घालत नाही त्यात अंक लावला आणि घरी गेलो.

"चिकटलं?" आईने विचारलं.

"चिकटलं."

"निघनार नाय ना?"

"पान फाटेल, पण हे निघणार नाही."

तिने बाहेर जाऊन चपलांच्या स्टँडवरचा अंक आणला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. उरलेली एक पट्टी मी त्यातही चिकटवली. आता तो टीव्हीखालच्या कप्प्यात असतो.

त्या वर्षाच्या शेवटी कॉलेजात मूल्यांकन समिती आली. प्राध्यापकांची प्रकाशनं ग्रंथालयातल्या मोठ्या टेबलावर मांडायची होती. मॅडमचा अंक मीच मांडला. चिकटवलेल्या अंकाची खोड अशी की तो हातात घेतला की आपसूक त्याच पानाशी उघडतो. समितीच्या अध्यक्षांनी तो हातात घेतला आणि तो त्याच पानाशी उघडला. मॅडम पलीकडे उभ्या होत्या. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ पाहिलं. पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ही शुद्धिपत्रं कोण चिकटवतं?" त्यांनी विचारलं.

"मी, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, अंक मिटला आणि पुढचा उचलला.

पुढच्या वर्षी अहवाल आला. मॅडमचा लेख एक प्रकाशन आणि शुद्धिपत्र दुसरं प्रकाशन धरलं गेलं. ग्रंथालयाबद्दल एकच ओळ आहे. शुद्धिपत्रे नीट चिकटवलेली आढळली.